सीताफळाच्या बंदोबस्तावर मकासरे साहेब

मकासरे साहेबांच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या त्या रीतसर जबाब देऊनच. राहुरीच्या टपाल कचेरीत मी कारकून म्हणून नुकताच बदलून आलो होतो. माझी बायको मंदा माहेरी होती आणि मी एका लॉजमध्ये ढेकूण मारत दिवस काढत होतो. कुणीतरी सांगितलं, ख्रिस्ती वस्तीत देवळाच्या मागे एक मोठे पोलीस साहेब रिटायर होऊन आलेत, त्यांच्याकडे जागा आहे, पण माणूस जरा तऱ्हेवाईक आहे. गेलो. ओसरीवर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून एक उंच, काटक गृहस्थ बसले होते. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा पायजमा आणि नजर सरळ माझ्या खिशावर. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली आणि पुढे एक अक्षर बोलले नाहीत. चहा आला. मी प्यायलो आणि कपबशी खाली ठेवली.

"लग्न झालंय, बायको गावाला गेली आहे, आणि ती गेल्यापासून तंबाखू सुरू झाली आहे," साहेब म्हणाले. "खोल्या तुमच्या."

मी चाटच पडलो. "कसं ओळखलंत?"

"शर्टाला बटण दुसऱ्या रंगाचं आणि दोरा तिसऱ्या रंगाचा, म्हणजे सध्या घरात बाई नाही. बशीत सांडलेला चहा पुसून ठेवलात, म्हणजे एरवी आहे. खिशाला चुना लागलाय आणि तो झाकायला तुम्ही तीनदा हात वर नेलात. ज्याची चोरी लगेच सापडते तो भाडेकरू चांगला."

तेवढ्यात आतून आवाज आला, "अवो, त्या मान्साला भाडं तरी सांगा! का त्येबी त्येनंच हुडकायचं?"

या मार्थामावशी, साहेबांच्या पत्नी. बुटक्या, गोलमटोल, नऊवारी नेसणाऱ्या आणि जन्मभर देशभर हिंडूनही राहुरीची बोली जराही न सोडलेल्या. साहेबांचं तसं नव्हतं. ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत, कुत्र्यावर इंग्रजीत ओरडत, रागावले की हिंदीत जात आणि मावशींशी बोलताना आपसूक गावाकडच्या बोलीवर येत. मी कारकून आहे हे निदान दहा वेळा सांगूनही त्यांनी मला पहिल्या दिवशीच 'मास्तर' करून टाकलं. पोस्टात बसतो तो मास्तर, एवढी बढती मला सरकारने कधी दिली नाही.

शांतवन मकासरे हे त्यांचं पूर्ण नाव. त्यांचे वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच पोरगा केंद्र सरकारच्या पोलिसांत शिरला, साधा जवान म्हणून. तिथून परीक्षा देत देत डी.आय.जी. होऊन बाहेर पडला. पण ही नोकरी नीट सांगायची तर एका तोंडाने सांगता येत नाही, कारण मला ती नेहमी दोन तोंडांनी ऐकायला मिळाली.

साहेब सांगत तेव्हा ती अशी असे: आसामच्या जंगलात गस्त घातली, पायाला जळवा लागल्या, ग्वाल्हेरकडे दरोडेखोरांच्या मागे उंटावरून हिंडलो, मग दिल्लीला मंत्र्यांच्या मागे उभं राहण्याची ड्यूटी, त्यापेक्षा दरोडेखोर बरे, देवळातल्या मूर्ती चोरून परदेशी विकणारी टोळी पकडली, रांचीला नव्या पोरांना दोरावर चढायला शिकवलं, पंजाबात वाईट दिवस काढले. पंजाबचं ते एवढंच सांगत आणि मिशीवरून हात फिरवत.

मावशींची नोकरी वेगळीच होती. "आसामला म्या लिंबू लावलं. फुलं धरली आन बदलीचा कागद आला. ग्वाल्हेरला पेरू. त्येला नखाएवढी फळं लागली हुती, तवा गेलो. दिल्लीला जांभूळ. रांचीला फनस लावला, त्यो किती वर्सांनी येतो ह्येच मला ठावं न्हवतं. जालंदरला डाळिंब. मागून यिणाऱ्या सायबांच्या बायकांनी लई खाल्लं बघा माज्या हातचं." हे सांगताना त्या हसत. पण मंदाला एकदा त्या म्हणाल्या, "पोरी, सोता लावल्याल्या झाडाचं एक फळ खायाचं हाय मला मरायच्या आदी. दुसरं देवाला काय मागनं न्हाई." त्या वेळी हसल्या नव्हत्या, असं मंदाने मला मुद्दाम सांगितलं.

राहुरीला आल्या आल्या, सामान लागायच्या आधी, मावशींनी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून सीताफळाचं कलम आणून अंगणात लावलं. आम्ही राहायला आलो तेव्हा ते माझ्या कमरेइतकं होतं.

साहेबांना रिटायर होऊन तेव्हा फार काळ झालेला नव्हता आणि ते त्यांना अजून कुणी नीट समजावूनही सांगितलेलं नव्हतं. कुठलीही गोष्ट विचारा, उत्तर ठरलेलं. "अवो, मेथी आनली का?" "तपास चालू आहे." "ह्यो नळ कवा दुरुस्त हुनार?" "तपास चालू आहे." आळीत कुणाचं कोंबडं हरवलं तर आधी साहेबांना वर्दी लागे. मग ते काठी घेऊन जागेचा पंचनामा करत, पिसं उचलून बघत, आळीच्या दोन्ही तोंडांना नाकाबंदी लावत. कोंबडं संध्याकाळी आपल्या पायाने घरी येई. साहेब त्याच्याकडे असं बघत की त्याने आता सगळं कबूल करावं.

सगळ्यात गाजली ती बबन गवळ्याची चौकशी. बबनच्या दुधात पाणी असतं हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, फक्त बबनला मान्य नव्हतं. साहेबांनी केस हातात घेतली. मला आदल्या दिवशी समजावून सांगितलं, "मास्तर, मारलं की माणूस खोटं बोलतो. समोर बसवायचं आणि गप्प राहायचं. गप्प बसणं माणसाला सोसत नाही, तो आपोआप बोलतो. मूर्तीचोर याच पद्धतीने फुटले." सकाळी बबन आला. साहेबांनी त्याला ओसरीवर समोर बसवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. बबनही साहेबांकडे बघत राहिला. दूध बाजूला चरवीत. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. उन्हं ओसरीवर आली, मी कचेरीत जाऊन हजेरी लावून परत आलो, तरी दोघे तसेच. बबनचा जन्म म्हशींमागे बसून गेलेला, त्याला गप्प बसण्याचं काय कौतुक! शेवटी दूध नासलं आणि साहेबच बोलले.

"बबन, तुला काही सांगायचं नाही?"

"न्हाई बा. तुमी बसा म्हन्लं, मी बसलो. मला वाटलं तुमाला कटाळा आला आसंल येकल्याला."

त्या दिवसापासून साहेबांनी बबनच्या दुधाबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट आल्यागेल्याला सांगायचे, "सगळ्या हिंदुस्थानात माझ्यासमोर न फुटलेला हा एकच माणूस." आणि खरंच काही दिवसांनी दूध सुधारलं. का सुधारलं ते मला आजही माहीत नाही. साहेबांनी ते श्रेय घेतलं नाही, एवढं मात्र सांगतो.

या माणसाची गंमत वाटायची ती अशी. पण एकदा मी त्यांचं दुसरं रूपही पाहिलं. पाटाच्या पाण्याची पाळी लांबली होती, पिकं माना टाकत होती, आणि चिडलेल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला चौकीत कोंडून घातलं होतं. दगड हातात आले होते. मी तारा वाटायला निघालेल्या माणसाबरोबर तिथे अडकलो होतो. एवढ्यात साहेब आले. पायात चपला, हातात घडीची खुर्ची. चौकीच्या दारापुढे खुर्ची उघडून बसले आणि सगळ्यात पुढच्या दगडवाल्याला म्हणाले, "तू कुनाचा रं?"

"कुनाचा का आसंना!"

"न्हाई, तुजं नाक वळखीचं वाटतंय. धोंडिबा मास्तरांच्या शाळंत माज्या बाकावर आसं येक नाक हुतं."

ते नाक पोराच्या आज्याचं निघालं. मग शेजारच्याला विचारलं, मग त्याच्या शेजारच्याला. कुणाचा तू, आई कुठली, थोरला चुलता अजून बासरी वाजवतो का. एकेका माणसाला नाव मिळत गेलं तसतसे दगड आपोआप खाली पडले. धड नाव सांगून, बापाची खुशाली सांगून मग लगेच दगड कसा मारणार, अवघडच की. तासाभरात पाटकरी बाहेर येऊन सगळ्यांबरोबर चहा पीत होता आणि पाण्याचं बोलणं शहाण्यासारखं चाललं होतं. येताना साहेब मला म्हणाले, "मास्तर, जमावाला नाव नसतं, म्हणून तो जमाव. मला हे कळायला पंजाबपर्यंत जावं लागलं. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं." पंजाबबद्दल मी त्यांच्याकडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात सीताफळ फुललं आणि बघता बघता फळं धरली. मावशी झाडाजवळून हलेनात. साहेबांनी मग बंदोबस्ताची सूत्रं हाती घेतली. नोकरीतली जुनी मच्छरदाणी झाडावर चढली. दोरीला पत्र्याचे डबे बांधले गेले. पोपट दिसला की साहेब शिट्टी मारत आणि सकाळी उठून फळांची हजेरी घेत. "एवढा बंदोबस्त मी दिल्लीत कुणालाच दिला नव्हता," असं ते म्हणत आणि ते खरं असावं, कारण मंत्री सुखरूप राहिले आणि फळं मात्र जात राहिली. खारींनी मच्छरदाणीला खालून भोक पाडलं. साहेबांना संशय, आतला माणूस सामील आहे. त्यांनी दोन दिवस माझ्याकडेही वेगळ्या नजरेने बघितलं. शेवटी एकच फळ उरलं. मावशींनी त्याला कापडाची पिशवी शिवून घातली आणि ते चांगलं मुठीएवढं भरलं.

नेमका तेव्हाच दिल्लीचा फोन आला. साहेबांचे जुने वरिष्ठ. तिकडे सुरक्षा रक्षकांची एक नवी शाळा निघत होती, तिचं प्रमुख व्हा म्हणत होते. बंगला, जीप, हाताखाली माणसं. आठवड्याभरात कळवा. साहेब घरात काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून बूट पॉलिश करू लागले आणि कुठलंसं हिंदी गाणं गुणगुणू लागले.

मावशी मंदाकडे आल्या आणि जमिनीवर बसल्या. "बूट चकाकले की म्या भांडी बांधायला घेती, पोरी. आजवर यकदाबी न्हाई म्हन्ले न्हाई. पन आता माज्यानं व्हायाचं न्हाई."

"मग त्यांना तसं सांगा की."

"म्या कशाला सांगू? त्येनला लोकांच्या मनातलं सगळं कळतं. माज्या मनातलं कळाय नगं व्हय?"

मंदाने मला सांगितलं, मी साहेबांना आडून विचारून बघितलं. त्यांचं उत्तर आलं, "तपास चालू आहे." मला त्या वेळी त्यांचा खरंच राग आला. माझ्या शर्टाच्या बटणावरून माझं घर ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या चुलीपुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं.

त्याच रविवारी देवळात सुगीचा सण होता. ख्रिस्ती मंडळी आपल्या देवळालाही देऊळच म्हणतात. या सणाला शेतातलं, परसातलं जे पहिलं येईल ते लोक देवापुढे आणतात. बाजरीची कणसं, भुईमूग, कोंबड्या, अंडी, डांगर. उपासना झाली की देवळातच या सगळ्याचा लिलाव होतो. मोठी मौज असते. एक अंडं एकजण घेतो, परत देवाला देतो, मग दुसरा घेतो, असं अंडं दिवसभर हिंडतं. आम्हालाही बोलावणं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. साहेबांना मान म्हणून सगळ्यात पुढे बसवलं होतं, मी त्यांच्या शेजारी. मंदा मागे मावशींजवळ. मावशींनी ते एकुलतं फळ देवापुढे ठेवलेलं मी पाहिलं. पहिलं फळ देवाचं, तिथे त्यांचा इलाज नव्हता.

लिलाव पुकारायला सुभानदादा सुतार. आवाज असा की कौलं हलावीत. सीताफळ हातात घेऊन त्यांनी पुकारा केला तसे साहेब ताठ बसले आणि पहिली बोली त्यांनीच लावली. मला बरं वाटलं. म्हणजे फळ मावशींसाठी सोडवून घ्यायचं एवढं तरी त्यांना सुचलं होतं.

"मागून चढली!" सुभानदादा ओरडले.

साहेबांनी वाढवली. मागून पुन्हा चढली. बायका बोली लावत त्या तोंडाने नव्हे, नुसता हात वर करून, त्यामुळे पुढे बसलेल्याला कळायला मार्ग नव्हता. साहेबांचा चेहरा तापत चालला. ते वाढवत, मागून लगेच चढे. सुभानदादा फळ या हातातून त्या हातात घेत होते आणि ते मुळात पिकलेलं, लिलाव लांबला तसं मऊ पडायला लागलं होतं. देवळात खसखस पिकली. देवळाचे धर्मगुरू पाळकसाहेब रुमालात तोंड घालून खोकत होते.

शेवटी साहेबांतला पोलीस उठला. ते उभे राहिले आणि देवळात आहोत हे विसरून गरजले, "ये बोली किसकी है? ज्याची बोली असेल त्याने उभं राहावं आणि नाव सांगावं!"

मागे पदर सावरत मावशी उभ्या राहिल्या. "मार्था शांतवन मकासरे," त्या म्हणाल्या. "मुक्काम राहुरी."

साहेब मागे वळले. "अगं, मी तुज्यासाठीच घेत हुतो!"

"कशाला? दिल्लीला न्यायाला? तुमी जावा. बंगला घ्या, जीप घ्या. म्या न्हाई येनार. म्या पाच गावाला झाडं लावली आन पाचीच्या पाची दुसऱ्यांनी खाल्ली. ह्ये म्या खानार, आन पुढच्या साली लागतील तीबी म्याच खानार." आणि मग आवाज फुटला. "तुमी मला कदी इचारलंच न्हाई वो."

देवळात कुणी हसेना. साहेब उभेच होते. आसाम, ग्वाल्हेर, दिल्ली सगळं पालथं घातलेला माणूस, पण त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मग ते सुभानदादांकडे वळले. "माझी बोली मागे घेतो. फळ त्या बाईंना द्या."

"आन दिल्ली?" सुभानदादांनी विचारलं. लिलाव पुकारणाऱ्याला वस्तू अर्धवट सोडवत नाही.

"दिल्लीला उद्या फोन करतो."

"काय सांगणार?" हे बायकांच्या बाजूने, बहुधा माझ्याच बायकोने.

"सांगतो की माझी राहुरीला बदली झालीय. साहेबांचा हुकूम आहे, रद्द होत नाही."

पाळकसाहेब मोठ्याने "आमेन" म्हणाले आणि सगळं देऊळ त्यांच्यामागून. सीताफळ मावशींच्या हातात पडेपर्यंत फुटलंच होतं. देवळाच्या पायरीवर बसूनच त्यांनी ते खाल्लं. निम्मं साहेबांना दिलं. साहेब बिया हातात गोळा करत होते. "कसं हाय?" त्यांनी विचारलं. मावशींनी हातातला गर आधी संपवला. मग म्हणाल्या, "ग्वॉड हाय," आणि डोळ्यांना पदर लावला. आम्ही नवराबायको तिथून उठून लांब जाऊन उभे राहिलो.

पुढच्या वर्षी मात्र बदली माझी झाली, शेवगावला. निघायच्या दिवशी मावशींनी घरीच मंदाला पोटाशी धरलं, दशम्यांचं गाठोडं दिलं आणि स्टँडवर यायचं टाळलं. साहेब आले. त्यांनी गाडीचे टायर बघितले, ड्रायव्हरला दोन सूचना दिल्या, आमची ट्रंक वर चढवली. आम्ही आत बसलो. निरोपाचं सगळं बोलून झालं आणि गाडी काही सुटेना. कंडक्टर चहाला गेला होता. साहेब खिडकीखाली उभे. एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"मास्तर," शेवटी हळूच म्हणाले, "गाडी सुटेपर्यंत थांबायचं असतं का?"

"तशी काही सक्ती नाही, साहेब. का हो?"

"मला माहीत नाही. मी नेहमी आत असायचो."

मंदा फिस्सकन हसली आणि लगेच रडायला लागली. ज्या माणसाची मी दोन-चार वर्षं टिंगल केली होती, त्याच्यावर माझं इतकं प्रेम आहे हे मला एस.टी.च्या खिडकीत बसून समजलं. मी म्हणालो, "थांबा साहेब. थांबलात तर आम्हाला बरं वाटेल."

ते थांबले. गाडी हलली तसा त्यांचा हात आधी सलामासाठी कपाळाकडे गेला, मध्येच थबकला, खाली आला आणि मग लहान मुलं हलवतात तसा नुसता हलायला लागला. मी मान बाहेर काढून बघत राहिलो. पोचवायला आलेली बाकीची माणसं पांगली. नेवाशाची गाडी आत येऊन त्यांच्या पाठीमागे उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि मकासरे साहेब हात हलवत तिच्या वाटेत मधोमध उभे होते. जागचे हलायला तयार नव्हते.